मावशीचं घमेलं

रत्नागिरीत देवावर श्रद्धा असलेली माणसं पुष्कळ आहेत. लशीच्या शेवटच्या डोसावर तेवढीच श्रद्धा असलेली एकच होती, ती माझी थोरली मावशी. तिच्याकडे कुत्री-मांजरं किती, हे विचारायची सोय नव्हती. एक पिल्लू मात्र तिनं पहिल्या डोसावर निर्धास्त राहून पार्वो या कुत्र्यांच्या रोगात गमावलं होतं आणि तो रोग चपलांबरोबर घरात येतो म्हणून त्याचा सूड ती आमच्या चपलांवर उगवत असे. पायरीशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचं घमेलं. त्यात चपला बुडवल्याशिवाय साक्षात व्याह्यांनाही प्रवेश नाही. धाकट्या मावसबहिणीला बघायला आलेल्या मंडळींत मुलाच्या वडिलांच्या काळ्या चपला बाहेर आल्या त्या चित्त्यासारख्या. स्थळ जमलं, चपला गेल्या.

लस आणताना वाटेत गार राहावी म्हणून बर्फ घ्यायची तो मासळीबाजारातून. त्यामुळे जगात इतरत्र मांजरं लशीला पाहून पळतात, मावशीची लशीमागे धावत यायची.

"पण एकदा दिलीस ना? मग पुन्हा पुन्हा कशाला?" मी एकदा विचारलं.

"मेल्या, एवढी पुस्तकं वाचतोस ती काय झोपेत? आईच्या दुधातून आलेली ताकद म्हणजे सासू. ती स्वयंपाकघरात आहे तोवर नव्या सुनेला, म्हणजे लशीला, चुलीशी कोण उभं करतंय? आणि सासू कधी थकेल ते कुणी सांगावं? म्हणून लस पुन्हा द्यायची."

हे ऐकून शेजारच्या काकू, ज्या स्वतः सासू होत्या, दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

शेवटचं पिल्लू तिनं हातखंब्याच्या नाक्यावरून उचललं. नाव हातखंब्या. अंगणात हुंदडून आला की पायरीशी ती साध्या पाण्यानं त्याचे पाय धुवायची. त्याचा शेवटचा डोस राहिला होता आणि मावशीच गेली.

तेराव्याला घमेलं कोरडं होतं. तरी येणारा प्रत्येक जण तिथं अडखळला. शेवटी शेजारच्या काकूंनीच ते भरलं.

दुसऱ्या दिवशी मी हातखंब्याला डॉक्टरांकडे उचलून नेलं. सुई टोचताना ते मावशीच्याच शब्दांत म्हणाले, "आता सासू थकली असेल."

घरी येऊन त्याला अंगणात सोडलं आणि तसाच पायरी चढलो. मागे वळून पाहिलं, तर हातखंब्या पुढचा एक पाय उचलून पायरीखाली उभा.

मी उतरलो, चपला घमेल्यात बुडवल्या आणि तांब्या आणायला आत गेलो.