जुन्या व्हर्जनला कूलर

पुण्याला नोकरीत असताना तोंडातून 'मले-तुले' निसटलं की ऑफिसातले हसायचे. मग मी बोलणं आवरलं आणि कोड वेगात पळवायला लागले. किल्ली नसलेल्याला मजकुराचा नुसता भुसा दिसावा, असं कुलूप घालणारं एक फंक्शन मी आणि नवऱ्याने मिळून लिहिलं. प्रोग्रामर जिथून तयार कोड उचलतात, अशा एका लायब्ररीत ते गेलं. काय तोरा माझा! वरातीतल्या घोडीसारखी मान ताठ. सासूबाईंनाही ऐकवलं, आमच्याइतकं वेगवान कोणाचंच नाही. त्या म्हणाल्या, "मंग पोया काऊन करपल्या वं?"

आता नवरा नाही. त्याच्या हातचं तेवढं फंक्शन उरलेलं.

यंदा नात खामगावच्या घरी बसून त्याच लायब्ररीचं काम करते. नव्या व्हर्जनमध्ये तेच कुलूप दुसऱ्या पद्धतीने लिहिलंय. नवं वेगवान ठरलं तर जुनं काढून टाकायचं, आणि मोजणी हिच्याकडे.

मे महिन्याची दुपार. लॅपटॉप तापला की मंदावतो, हे मला ठाऊक. जुन्याची पाळी आली की मी कूलरचं तोंड हळूच टेबलाकडे करायची. नव्याची आली की बंद. जुनं जिंकत राहिलं. मी पदराआड खुशीत.

नातीने आकडे पाहिले, मग कूलर, मग मला.

"आजी, टाकी तं भरेल हाये. कूलर काऊन बंद केला वं?"

"मले थंडी वाजून राह्यली."

"या उन्हात?"

"म्हातारं माणूस हाये बाप्पा."

ती हसली नाही. "आबाचं हाये म्हणून ना?"

मी कूलरच्या जाळीतलं गवत नीट करत बसले.

तिने कूलर भिंतीकडे फिरवला आणि दोन्ही व्हर्जन आळीपाळीने चालवली. एकदा हे, एकदा ते. दोघांना सारखाच ताप. मी शेजारी बसून पाहिलं. दर खेपेला नवं पुढे, आणि थोडंथोडकं नाही.

"काढू?"

"काढ. तुह्या आबालेही हळू चाललेलं खपत नव्हतं."

पडद्यावर आमच्या ओळी लाल झाल्या आणि गेल्या. नातीने उठून कूलर माझ्याकडे वळवला.

आता खरंच थंडी वाजत होती. पण बंद कर म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.