मामंजींचा बेटांचा परवाना

मी लग्न होऊन कर्जतला आले तेव्हा युद्ध नुकतंच संपलं होतं आणि मामंजीही नुकतेच नोकरीतून मोकळे होऊन घरी बसले होते. म्हणजे त्या घरात आम्ही दोघंही नवखीच. सकाळच्या वेळी आम्हा दोघांचीही स्वयंपाकघरात सारखीच अडचण व्हायची आणि सासूबाई एकाच आवाजात दोघांना "जरा तिथून सरका बघू" म्हणायच्या. माझे यजमान मुंबईला नोकरीला, शनिवारी येत आणि सोमवारी पहाटे जात. त्यामुळे आठवडाभर माझी गट्टी जमली ती सासऱ्यांशी.

मामंजींनी उभा जन्म मुंबईत बोटींच्या विम्याच्या कचेरीत घालवला होता. मोठी जहाजं त्यांच्याकडे नसत. त्यांच्या टेबलावर यायच्या त्या शिडाच्या लहान बोटी, हौशी श्रीमंतांच्या, ज्यांना यॉट म्हणतात त्या. बोट कुठवर जाणार, तळाला तांब्याचा पत्रा आहे का, बोट हाकणारा तांडेल किती मुरलेला, पावसाळ्यात ती कुठे ओढून ठेवणार, असं खोदून खोदून विचारून मग ते विमा उतरवायचा की नाही ते ठरवत. स्वतः मात्र रेवसच्या लाँचखेरीज कशातही बसले नव्हते.

मलबारच्या समोर समुद्रात पोवळ्याची बेटं आहेत हे मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. तिकडे गेलेल्या बोटींपैकी एखादी पाण्याखालच्या खडकावर लागायची आणि मग भरपाईचा अर्ज त्यांच्याकडे यायचा. "तळ फाटला, सुकाणू मोडलं, एवढ्याशी माझा संबंध," ते म्हणायचे. "पण त्या अर्जांत लोक दोन ओळी जास्त लिहीत. पाणी काचेसारखं होतं, खाली बाग फुलल्यासारखी दिसत होती, असं काहीबाही. कामाच्या दृष्टीनं त्याचा काही उपयोग नव्हता बघ." उपयोग नव्हता, पण त्या ओळी त्यांना तोंडपाठ होत्या. ती बाग एकदा डोळ्यांनी बघायची, ही एकच इच्छा त्यांनी मनात धरली होती आणि ती त्यांनी चारचौघांत कधी बोलून दाखवली नव्हती.

चौकाच्या बाजूला एका लाकूडवाल्या शेठचा बंगला होता. त्यानं युद्धानंतर एका परत जाणाऱ्या साहेबाची यॉट विकत घेतली आणि ती घेऊन बेटांवर जायचं त्याच्या मनात आलं. विमा कसा उतरवायचा, परवाना कुठून काढायचा, यातलं त्याला ओ की ठो माहीत नव्हतं. तो मामंजींकडे आला. मामंजींनी त्याला तासभर समजावलं, आणि निघताना शेठ सहज म्हणाला, "तुम्हीच चला ना आमच्याबरोबर! जागा आहे."

मामंजी नुसते चष्मा पुसत बसले. शेठ गेल्यावर सासूबाईंनी आतून हाक दिली, "पोवळीच बघायची असतील तर ही माझ्या गळ्यात आहेत. इतकी वर्षं बघितली नाहीत ती!" त्यावर मामंजी हसले, पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत, आनंदानं.

दुसऱ्याच दिवशी गाडं अडलं. विम्याच्या अर्जात एक प्रश्न होता: बोटीवरच्या प्रत्येकाला पोहता येतं का? हा प्रश्न अर्जात घालायला मामंजींनीच एकेकाळी कचेरीला भाग पाडलं होतं, आणि त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. शेठ म्हणाला, "लिहा हो, येतं म्हणून. बघायला कोण येतंय?" मामंजींनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "मी शिकतो. तोवर अर्ज थांबू द्या."

गावाबाहेर आमचा एक मळा होता, तो पोशीरचा एक शेतकरी कसायचा. त्याच्या विहिरीत मामंजींची शिकवणी सुरू झाली. वय झालेला माणूस, पाठीला सुका भोपळा बांधलेला, आणि काठावर हातात दोर धरून तो शेतकरी. सासूबाई स्वतः यायला तयार नव्हत्या, पण मला रोज कोरडं धोतर आणि आल्याचा चहा देऊन पाठवत. माझं काम म्हणजे पाठ करून बसायचं आणि आवाज थांबला तर ओरडायचं. आवाज काही थांबत नसे.

"तात्या, पान्याला मारताव कशाला? त्यानं तुमचं काय केलंय?" शेतकरी वरून सांगायचा. "आस्ते. मी हाय ना हितं."

"माझे पाय खाली जातायत!"

"जाऊ द्या. विहिरीला तळ हाय, कुटं नाय जात ते."

गावात व्हायची ती चेष्टा झालीच. कोणी त्यांना 'तांडेल' म्हणू लागलं, कोणी रस्त्यात भोपळ्याचा भाव विचारी. मामंजींना त्याचं काही नव्हतं. सर्दी झाली, नाकातोंडात पाणी गेलं, गुडघे खरचटले, तरी जायचे. आणि एके सकाळी भोपळा काढून ते विहिरीला एक पुरा वळसा घालून आले. मी मान वळवून बघितलंच. सासऱ्यांना तसं बघू नये हे मला कळत होतं, पण मला राहवलं नाही. घरी येऊन त्यांनी ओले केस पुसले, अर्ज पुढे ओढला आणि त्या प्रश्नापुढे 'होय' लिहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका सरळ आनंद मी पुन्हा पाहिला नाही.

त्याच बैठकीत त्यांनी परवान्याचा अर्जही लिहून टाकला. बेटं मद्रास इलाख्यात मोडत, तेव्हा तिथे उतरायला तिकडच्या कलेक्टरची परवानगी लागायची आणि ती यायला वेळ लागायचा. वारा फिरायच्या आत जाऊन यायचं तर बोट माघात निघायलाच हवी होती. सासूबाई एव्हाना विरघळल्या होत्या. तोंडानं टोमणे चालू, पण हातानं मेतकूट, सांडगे, लिंबाचं लोणचं चालू. एक लोकरी बंडीही विणून झाली. "तिकडे उकडतं गं," मामंजी माझ्या कानात म्हणाले, "पण तिला सांगू नकोस."

परवाना आला तेव्हा शेठ स्वतः तो घेऊन आला. मामंजींनी चष्मा लावून तो मोठ्यानं वाचला. शेठचं नाव, शेठच्या मेव्हण्याचं नाव, तांडेलाचं, दोन्ही खलाशांची. मग ते थांबले. परत पहिल्यापासून वाचायला लागले, या वेळी मनातल्या मनात.

"तुमचं?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

चूक कलेक्टरकडून झाली नव्हती. अर्जात जेवढी नावं होती तेवढी सगळी परवान्यात उतरली होती. मामंजींनी जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिले होते. बोटीवर जाणाऱ्यांची नावं वर लिहायची आणि आपलं नाव खाली, अर्ज तयार करणारा म्हणून. याही वेळी हात तसाच चालला. खाली त्यांची सही होती, सुरेख, वळणदार.

शेठ मनाचा मोठा होता. म्हणाला, "अहो, चला तसेच. खलाशी म्हणून खपून जाल. समुद्रात कोण नावं मोजतंय?"

"विमा मोजतो," मामंजी म्हणाले. "परवान्याबाहेरचा एक जरी माणूस बोटीवर असला तरी विमा रद्द. उद्या खडकावर लागलात तर माझ्यापायी तुम्हाला काही मिळायचं नाही." नवा अर्ज करायला वेळ उरला नव्हता, हे त्यांनीच शेठला समजावलं. आवाज अगदी कचेरीतला, शांत.

शेठ गेल्यावर सासूबाई जी संतापल्या! मला वाटलं होतं, बरं झालं म्हणतील. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, सगळ्यांना धरलंत. एकदा तरी स्वतःला माणसांत धरायचं होतं!" आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मामंजी गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिले. मलाही रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर मामंजींचा भयंकर राग येत होता.

बोट ठरल्या वेळी गेली. लोणचं, सांडगे, मेतकूट सगळं मामंजींनी शेठबरोबर पाठवून दिलं. फाल्गुनात शेठ परत आला, काळाकुट्ट होऊन, आणि आमच्या ओटीवर बसून बेटांबद्दल कितीतरी वेळ बोलत राहिला. खालचं पाणी, रंग, मासे. मामंजी ऐकत होते. त्याचं बोलून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"बोटीला कुठे काही लागलं नाही ना?"

"नाही. ओरखडासुद्धा नाही."

"उत्तम," मामंजी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.