दातोबाचा शिल्लक हात

दातोबा हे त्याचं नाव तळघरातल्या मंडळींनी ठेवलं होतं, कारण तो कवळ्या बनवायचा. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्याचं टेबल. टेबलावर प्लास्टरचे जबडे एका रांगेत आ वासून बसलेले, जणू सगळ्यांना एकदमच काहीतरी आठवलंय. एकेक जबडा बिजागरीच्या सांगाड्यात अडकवून तो उघडायचा, मिटायचा. टक्. आवाजावरून त्याला कळायचं की मागची दाढ कणभर उंच राहिलीय. "आजोबा घास चावताना शिव्या देणार," असं पुटपुटत तो ती दाढ घासायचा. पुन्हा टक्. हं, आता कसं!

घरी तो बाळ्या होता. बाळ्याच्या दाढीत पांढरे केस शिरले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी ताईच्या तोंडी बाळ्या तो बाळ्याच. आईवडील गेले तेव्हा तो शाळेत होता आणि ताई शिवणकाम शिकत होती. तिने मशीन पुढच्या खोलीत मांडलं आणि लोकांच्या पँटी आखूड करून, झगे सैल करून त्याला वाढवलं. लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलं की ती दोऱ्याचं टोक दातांनी तोडत म्हणायची, "एक मूल आहे ना माझ्याकडे. दाढीवालं."

त्या मुलाला नाद लागला होता तो यंत्रांवर बनवलेल्या संगीताचा. रेडिओवर नाही, लग्नात नाही, कुठेच न वाजणारं ते संगीत. त्याचे भक्त रविवारी दुपारी गालिच्यांच्या दुकानाखालच्या तळघरात जमायचे. रविवारी दुकान बंद असायचं आणि गालिचेवाला स्वतःच त्यातला, त्यामुळे किल्लीचा प्रश्न नव्हता. भिंतींना गालिच्यांच्या गुंडाळ्या उभ्या टेकवलेल्या, मधे दोन मोठे स्पीकर आणि तबकड्यांची पेटी.

तिथे टाळ्या वाजवायच्या नाहीत. तबकडी संपली की फार तर 'बरं' म्हणायचं. पण त्या 'बरं'तही तऱ्हा होत्या. बस चालवणाऱ्या ड्रायव्हरबाईंचं 'बरं!' म्हणजे थांबा आल्यावर मारलेला ब्रेक. शाळेत गणित शिकवतो म्हणून ज्याला सगळे गणितच म्हणत, त्याचं 'बऽऽरं' म्हणजे उत्तर चुकलंय पण रीत बरोबर आहे, अर्धे गुण घे. आणि गालिचेवाल्याचं 'बरं बरं' म्हणजे गिऱ्हाइकाने फारच कमी भाव सांगितलाय, पण त्याला दुखवायचं नाही. नाचायला बंदी नव्हती, तरी नाचत कोणी नसे. उभं राहायचं आणि मान हलवायची. दातोबा तर मानही हलवायचा नाही. ओठ मिटून आतल्या आत दाढेवर दाढ टेकवायचा, इतकंच.

मोठा नियम एकच, हाताचा. तळघराचा जिना उभा आणि काळोखा, तिथे दिवा मुद्दामच लावलेला नव्हता. नवीन माणसाला कोणीतरी हात धरून खाली आणायचं, आणि प्रत्येकाला आयुष्यात एकच हात. एकाला आणलं की संपलं. ज्याला आणलं त्याच्याबद्दल 'हाच का?' असं कोणी विचारायचं नाही. ड्रायव्हरबाईंनी आपला हात नवऱ्याला दिला. तो एकदा आला, कानात कापूस घालून बसला आणि पुन्हा फिरकला नाही. गणिताने एका जुन्या विद्यार्थ्याला दिला, तो परगावी गेला. सगळ्यांचे हात असे खर्ची पडलेले. फक्त दातोबाचा शिल्लक होता. कोणासाठी राखून ठेवलाय, हे त्याने कधी सांगितलं नाही.

आणि मग एका साबणाच्या जाहिरातीत ते संगीत आलं. दोरीवरचे शर्ट बाह्या उडवत नाचतायत, खाली तोच ठोका, आणि वर एक बाई 'चमचम चमाचम' म्हणतेय. मग बँकेला फोन लावला की तेच. वर्गातली पोरं बाकावर तेच बडवायला लागली. मोठ्या मैदानात कार्यक्रम व्हायला लागले, माणसं तिकिटासाठी रांगा लावायला लागली. एक दिवस दवाखान्यातली डॉक्टरीण दातोबाच्या खोलीत डोकावली आणि म्हणाली, "मास्तर, ऐकलंत का हे? एकदम नवीन आलंय!" दातोबाच्या हातात त्या वेळी सांगाड्यातला जबडा होता. डॉक्टरीणबाई रांगत होत्या तेव्हापासून तो हे ऐकत होता. तो फक्त म्हणाला, "असं का?" आणि जबडा मिटला.

त्या रविवारी तळघरात तबकडी बाजूलाच राहिली.

"माझ्या बसमध्ये एक पोरगी," ड्रायव्हरबाई म्हणाल्या, "कानातले इअरफोन काढून मला म्हणते, काकू, तुम्हाला नाही कळणार हे. मला! काकू!"

"दुःख 'काकू'चं आहे की 'नाही कळणार'चं?" गालिचेवाल्याने विचारलं.

"दोन्हीचं. पण काकूचं जरा जास्त."

"समजा," गणिताने सुरुवात केली. त्याचं प्रत्येक वाक्य समजापासूनच निघायचं. "समजा, असाच एखादा इथे आला. समजा, त्याने फोन काढला. समजा, फोटो टाकला. पुढच्या रविवारी जिन्यावर रांग. समजा, त्यात कोणी चमचम म्हणायला लागलं..."

"पुरे हो, समजलं!"

"तर माझं म्हणणं, आता दार बंद. यापुढे नवीन माणूस नको."

सगळ्यांच्या माना हलल्या, या वेळी तालाशिवाय. मग कोणाच्या तरी लक्षात आलं आणि सगळे दातोबाकडे बघायला लागले.

"याचा हात आहे की अजून," ड्रायव्हरबाई म्हणाल्या.

"मग येत्या रविवारी दे," गणित म्हणाला. "त्यानंतर कडी. आणि दातोबा, माणूस बघून आण हं. जाहिरात ऐकून आलेलं नको."

दातोबा घरी पोचला तेव्हा ताई स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून एक पाय बाजूला टाकत होती. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती हाडांच्या दवाखान्याच्या व्यायाम वर्गाला जायची, आणि तिथल्या बाईंची नक्कल तिला झकास यायची.

"आणि डावाऽ! आणि उजवाऽ! आणि हसाऽ! मेल्यांनो, खुबा बदललाय, तोंड नाही बदललं, हसाऽ!" ताईने स्वतःच हसून घेतलं. "बाळ्या, आज काय मजा आली म्हणून सांगू! बाईंनी एक गाणं लावलं, ते चमचम चमाचमवालं. खाली धप् धप्, आणि वर बारीक बारीक असं काहीतरी, काचेच्या भांड्यात मणी टाकत जावे तसं. मग ते सगळं एकदम थांबतं, आणि पुन्हा धप्! पाय आपोआप उचलला गेला रे माझा. दुखलासुद्धा नाही."

दातोबाने एक चप्पल काढली, दुसरी पायातच राहिली.

"मी बाईंना विचारलं, हे काय आहे. त्यांनी सांगितलं. म्हटलं, अगंबाई, हे तर आमचा बाळ्या ऐकतो ते!"

"आत्ता कळलं?" तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा चढला. "इतकी वर्षं या घरात रोज संध्याकाळी वाजतंय. तू काय केलंस? पट्टी घेऊन भिंत बडवलीस. आणि कोण ती हसाबाई, तिने लावलं की लगेच छान?"

"ओरडू नकोस."

"ओरडत नाहीये."

"भिंत बडवली, कारण माझं डोकं उठायचं," ताई म्हणाली. ती स्टुलावर बसली, पाय जपून लांब केला. "तू आतल्या खोलीत दार लावून बसायचास. मी इकडे मशीनवर. मला काय यायचं ऐकू? काचेचे मणी? नुसतं धप् धप् धप्. कोणीतरी शेजारी खिळा ठोकतंय आणि तो खिळा काही आत जात नाहीये, असं. बाकीचं सगळं तुझ्या त्या दाराआड. आज पहिल्यांदा ऐकलं मी अख्खं."

"दार तुझ्यासाठीच लावायचो. तुला त्रास नको म्हणून."

"हो ना. आणि त्रास तेवढा पाठवायचास."

ताईने ताट वाढलं, तो जेवला, आणि दोघांनी मीठ कोणाला हवंय एवढंच काय ते विचारलं.

पुढचे दिवस दातोबाचे वाईट गेले. एका आजींची कवळी काही केल्या बसेना. टक् व्हायच्या ऐवजी टकक्, टकक् व्हायचं. हातात मेण मऊ होऊन जायचं आणि तो खिडकीबाहेर बघत बसायचा. हात ताईसाठीच होता. पहिल्या रविवारपासून. रोज भिंतीवर पट्टी ऐकून ऐकून त्याने ठरवून टाकलं होतं की तिला हे कधीच आवडणार नाही, आणि तरी दुसऱ्या कोणाला तो देववला नाही. आता तिला आवडलं, तर ते साबणवाल्यांच्या कृपेने. तिला घेऊन गेलं तर गणित काय म्हणेल ते दिसतच होतं. नाही नेलं तर रविवारी कडी पडणार, आणि मग ताई जन्मभर खुब्याच्या वर्गातच ते ऐकणार, मधेमधे 'हसाऽ' ऐकत.

रविवारी जेवण झाल्यावर तो दारात उभा राहिला.

"ताई, चप्पल घाल."

"कुठे?"

"तळघरात."

"बाळ्या, माझा खुबा आत्ता कुठे रुळतोय. जिना आहे का?"

"आहे. काळोखा आहे. मी हात धरतो."

ताईने मशीनवरच्या झग्यातून सुई काढून उशीला टोचली आणि उठली. "कोण कोण असतं तिथे? केस नीट आहेत का माझे?"

पोचायला उशीर झाला. जिना उतरायला त्याहून जास्त. ताई एक पायरी उतरायची, दम घ्यायची, काठी खालच्या पायरीवर ठोकून बघायची आणि अंधाराला म्हणायची, "आणि डावाऽ." दातोबा एक पायरी पुढे, तोंड तिच्याकडे, तिचा हात आपल्या हातात. खाली दार लावून घेतलेलं होतं. आत तबकडी सुरू झाली.

धप्. धप्. धप्. धप्.

दातोबा थांबला. तो नेहमी सगळ्यांच्या आधी यायचा, पेटी उघडायला. दाराच्या या बाजूला उभं राहून त्याने कधी काही ऐकलंच नव्हतं. तबकडी कोणती हे त्याला पहिल्या ठोक्यालाच समजलं. आत्ता वरती बारीक सूर सुरू झाले असणार, आत्ता ते एकमेकांत गुंतत असणार, आणि त्यातलं काही म्हणजे काही इथे येत नव्हतं. सगळं गालिच्यांनी आणि दाराने पिऊन टाकलेलं. उरला होता तो खिळा. कानशिलात ठक ठक करणारा, आत न जाणारा.

"हेच," अंधारात ताई म्हणाली. "अगदी हेच."

"रोज?"

"तू आजारी असलास की नाही. तेव्हा चुकल्यासारखं वाटायचं, ते सोड."

तबकडी चालू असताना तळघराचं दार कोणी उघडत नसे. दातोबाने ते खांद्याने ढकललं.

आवाज एकदम अंगावर आला, सगळाच्या सगळा. आतली मंडळी वळली. दारात दातोबा, त्याच्या हातात हात घातलेली, केस नीट केलेली, काठी टेकत आलेली बाई. आणि ती बाई, जिथे तबकडी चालू असताना कोणी कधी शब्द काढत नाही तिथे, खणखणीत आवाजात म्हणाली, "अगंबाई! हे तर आमचं व्यायामाचं!"

गणिताचा हात आपोआप सुईकडे गेला. तबकडी थांबली.

"समजा," गणित हळूच म्हणाला, "आपण ठरवलं होतं, की..."

"माझा हात होता," दातोबा म्हणाला. "मी दिला. कोणाला, का, ते विचारायचं नाही, असं ठरलंय. ही माझी ताई."

"पण दातोबा, जाहिरात..."

"माझ्या दारामुळे तिला जाहिरातीची वाट बघावी लागली. आता लावा ती परत. पहिल्यापासून."

तो इतकं बोलतो हे तिथे कोणाला माहीत नव्हतं. ड्रायव्हरबाईंनी गणिताला कोपराने बाजूला सारलं आणि सुई परत कडेला ठेवली.

"दातोबा?" ताई कुजबुजली. तिची कुजबुज पार मागच्या भिंतीपर्यंत गेली. "तुला दातोबा म्हणतात?"

"हो."

"छान आहे." ती ऐकत राहिली. मग भुवया उंचावून म्हणाली, "आणि ती चमचम कधी येते?"

कोपऱ्यात गालिचेवाल्याला खोकल्याची उबळ आली आणि तो गुंडाळीमागे गेला.

"ती येत नाही, ताई. यात शब्दच नाहीत."

"नाहीतच का! मग बरंच आहे. ती मधे मधे फार करायची." तिने डोळे मिटले. काचेच्या भांड्यात मणी पडायला लागले, एक, मग पुष्कळ, मग भांडंच भरून वाहायला लागलं. ताईचा पाय हलला. तिने काठी ड्रायव्हरबाईंच्या हातात दिली, जशी बसमध्ये ओळखीच्या बाईकडे पिशवी द्यावी, आणि दातोबाचे दोन्ही खांदे धरले.

"हे काय, ताई?"

"मला आधार लागतो. तुझ्याशिवाय कोणाला धरू?"

"इथे कोणी नाचत नाही."

"मी कुठे नाचतेय? माझा खुबा नाचतोय. हल, नाहीतर पडेन मी."

दातोबाने घाबरून तिची कंबर धरली आणि एक पाय बाजूला टाकला. चुकीचा. इतकी वर्षं त्याच्या दाढांना जे अचूक येत होतं, ते पायांना सांगायचं राहूनच गेलं होतं. गणित छताकडे बघत होता. ड्रायव्हरबाई काठीच्या टोकाने जमिनीवर ठोका धरत होत्या.

"डावा रे," ताई डोळे मिटूनच म्हणाली. "डावा आधी, बाळ्या. आणि हस की जरा."