रागावू नका, गुठळी आहे!

बातमीदाराच्या घरात दोन गोष्टी साचतात, रद्दी आणि किस्से. रद्दी निदान विकता तरी येते. छापण्यासारखं असतं ते छापून जातं, आणि खरं मजेचं असतं ते "आज जागा नाही ताई" म्हणून आपल्याच पदरात परत पडतं. भंडाऱ्याच्या आमच्या जिल्हा कार्यालयात हे वर्षानुवर्षं चालू आहे. पण मध्यंतरी मी स्वतःच आजारी पडले, आणि आमच्या मंडळींनी त्या एका आजारात एवढे किस्से करून ठेवले की सांगून टाकलेलेच बरे. मनात काही कोंडून ठेवायला डॉक्टरांनी मला मनाई केली आहे!

* * *

सुरुवात पत्रकार परिषदेत झाली. एक अधिकारी गावतलावाच्या दुरुस्तीची माहिती देत होते. काम पूर्ण, तलाव तुडुंब, शेतकरी आनंदी. मी त्याच सकाळी त्या तलावाच्या मध्यभागी उभी राहून आले होते. चपलेला ओलसुद्धा लागली नव्हती!

मी उठले. म्हटलं, "साहेब, पाणी कुठं आहे?"

"मॅडम, आधी नाश्ता घ्या. पोहे गरम आहेत."

पोहे! माझा आवाज चढला. त्यांचा चढला. मग माझा आणखी चढला. आणि एकदम छातीत अशी कळ आली की मी त्यांच्या टेबलासमोर खालीच बसले.

माझ्या शेजारी अड्याळचे आमचे वार्ताहर ठवकर होते. त्यांनी मला खाली बसलेलं पाहिलं, पेन खिशाला लावलं आणि माझ्या बाजूला येऊन मांडी घातली. मागून आणखी चार पत्रकार आले, तेही बसले. "उत्तर मिळालेच पाहिजे!" घोषणा सुरू! सगळ्यांना वाटलं, ताईंनी ठिय्या दिला.

मी कसंबसं म्हटलं, "ठवकर, छातीत दुखून राहिलं."

ठवकर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बरोबर आहे ताई, असंच धरून ठेवा. साहेब घाबरला!"

* * *

नागपूरला नेलं. हार्ट अटॅक समजून अँजिओग्राफी केली, तर नळ्या एकदम स्वच्छ. एवढ्या वर्षांच्या टपरीच्या चहानंतर स्वच्छ! मलाही आश्चर्य वाटलं.

हृदयाच्या तरुण डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मोठा मानसिक धक्का बसला की कधीकधी हृदयाचा स्नायूच तात्पुरता गळून जातो. टोकाचा भाग फुग्यासारखा फुगतो आणि आकसत नाही. पाळी गेलेल्या बायकांमध्ये जास्त दिसतं. जपानमध्ये ऑक्टोपस धरायचं एक मडकं असतं, तसा आकार होतो, म्हणून नावही जपानी. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत सावरतं.

आमच्या ह्यांचं कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचं दुकान आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे डॉक्टर, रागानंही होते?"

"रागानं, दुःखानं, भीतीनं, कशानंही."

हे लगेच बाहेर गेले आणि पवनीच्या बहिणीला फोन लावला. मला आतून ऐकू येत होतं. "काही नाही वं, हार्ट अटॅक नाही. नुसती रागावली होती!"

* * *

खरा घोळ इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, निघाला. हृदयाचं ते टोक हलत नव्हतं, त्यामुळे तिथलं रक्त थबकलं आणि त्याची गुठळी झाली.

मी म्हटलं, "पुरावा?"

डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. करड्या अंधारात एक पांढुरका ठिपका चिकटून बसला होता. मी विचारलं, "हा फोटो माझाच कशावरून?" डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हा फोटो नाही. हे आत्ता चालू आहे." सरकारी कार्यालयात इतकं सरळ उत्तर मला कधी मिळालेलं नाही!

मग ते गंभीर झाले. रक्त पातळ करायची गोळी नेमानं घ्यायची, गुठळी हळूहळू विरघळते. पण त्याआधी तुकडा सुटला आणि डोक्यात गेला तर लकवा. हात जाऊ शकतो, पाय जाऊ शकतो. "आणि बोलणं जाऊ शकतं. तीनेक महिने जपा. डोक्याला ताप नको."

बोलणं जाऊ शकतं म्हटल्यावर मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे क्षणभर विचारात पडले होते. मी पाहिलं!

* * *

घरी आल्यावर पवनीची नणंद मुक्कामाला आली. येताना पिशवी भरून पालक, मेथी, लाखोळीची भाजी. तिचं म्हणणं सरळ होतं. "डॉक्टर लोक रक्त पातळ करून राहिले, मंग अंगात ताकद कशी राहीन वहिनी? आपण इकडून घट्ट करू!"

सकाळी भाजी, दुपारी भाजी, संध्याकाळी भाजीचं पाणी. मला गोळीचा नेम सांगितला होता, भाजीचाही सांगितला होता. पण नणंदेपुढे डॉक्टरांचं काय चालतं? पुढच्या तपासणीत रक्त जसं पातळ हवं तसं झालेलंच नव्हतं. गोळी एकीकडे ओढत होती, पालक दुसरीकडे.

डॉक्टर फोनवर कडाडले. "पालेभाजी रोज सारखी, बेतानं खायची असं सांगितलं होतं की नाही? गुठळी तशीच राहिली तर जबाबदार कोण?"

ह्यांनी फोन घेतला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रागावू नका. तुमालेही होईन."

* * *

मी कार्यालयात परतले तेव्हा आमचे प्रमुख गभणे यांनी फर्मान काढून ठेवलं होतं. ताईंना चीड येईल अशी एकही बातमी ताईंच्या टेबलावर जाता कामा नये. रेती नाही, धान खरेदी नाही, रस्त्याचे खड्डे नाहीत. मग जिल्ह्यात उरतं काय? वाढदिवस, हळदीकुंकू आणि सत्कार!

मी चार दिवस गपगुमान सत्कार लिहिले. पाचव्या दिवशी एक प्रेसनोट आली. जलसंधारणातल्या अतुलनीय कार्याबद्दल शाल-श्रीफळ. सत्कारमूर्ती कोण? तेच! पोहेवाले!

मी केबिनमध्ये गेले, प्रेसनोट आपटली. गभणे उठून उभे राहिले, दोन्ही हात पुढे केले, जसं काही मीच फुटणार होते.

"ताई, शांत! गुठळी आहे! सत्काराचीच तर बातमी होती, यात चिडण्यासारखं काय होतं बाप्पा?"

"फोटो पाहा. मागं तलाव आहे."

गभण्यांनी चष्मा लावला, फोटो पाहिला. मागे कोरड्या तलावात पोरं क्रिकेट खेळत होती. गभण्यांचा चेहरा लाल झाला. ते एवढ्या जोरात ओरडले की मलाच पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे धरावा लागला!

* * *

वर्तमानपत्रात एक पद्धत असते. मोठा माणूस दवाखान्यात गेला की त्याच्यावरचा श्रद्धांजलीचा मजकूर तयार ठेवायचा, म्हणजे ऐनवेळी पान अडत नाही. माझ्यावरचा मजकूर ठवकरांनी लिहिला. त्यात गैर काही नाही, मीही जिल्ह्यातल्या अर्ध्या पुढाऱ्यांचा लिहून ठेवला आहे आणि ते ठणठणीत आहेत. अडचण एवढीच, की ठवकरांचा प्रत्येक मजकूर आजवर माझ्या नजरेखालून गेलेला. त्यांनी सवयीनं तो मलाच पाठवला. सोबत निरोप, "ताई, जरा पाहून द्या. शुद्धलेखन."

मी पाहिलं. "निर्भीड, सडेतोड व मृदुभाषी पत्रकार." मृदुभाषी मी कापलं. खरं ते खरं. "अपरिमित हानी" राहू दिलं. मग खाली पाहिलं तर जागा फक्त एक कॉलम!

मी ठवकरांना फोन लावला. "काहो, तहसीलदाराची बदली झाली तर तीन कॉलम देता. मी मेली तर एक?"

 ठवकर रडवेल्या आवाजात म्हणाले, "ताई, मले पुढं लिहवतच नव्हतं."

मी फोन ठेवून दिला. मजकुराचे दोन कॉलम केले आणि तो पाठवून दिला.

* * *

तीन महिन्यांनी पुन्हा इकोसाठी नागपूरला गेलो.

या सगळ्या काळात ह्यांनी माझ्याशी एकदाही वाद घातला नाही. हे लक्षात घ्या. दुकानात गिऱ्हाइकाशी गोड बोलून बोलून ह्यांचा सगळा वाद घरी येईपर्यंत शिल्लक राहतो, आणि लग्न झाल्यापासून तो रोज माझ्या वाट्याला आलेला. तो माणूस अचानक प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणू लागला. वरणात मीठ नाही? हो, बरं आहे. पडदे हिरवे लावू? हो, लाव. मी मुद्दाम उलटसुलट बोलून पाहिलं. "हो, तुझं बरोबर आहे." मला तर गुठळीपेक्षा त्याचीच धास्ती वाटू लागली होती.

डॉक्टरांनी बराच वेळ पडदा पाहिला. मग तो माझ्याकडे वळवला. हृदयाचं टोक व्यवस्थित आकसत होतं. पांढुरका ठिपका नव्हता.

"गुठळी विरघळली. आता नेहमीसारखं राहा."

ह्यांनी दोनदा विचारलं, "नक्की ना? नेहमीसारखं?"

आम्ही भाड्याच्या गाडीत बसलो. गाडी फाटकातून बाहेर पडते न पडते तोच हे सुरू झाले.

"हिरवे पडदे कायले लावले? दुकान वाटते का आपलं घर? अन् त्या दिवशी वरण होतं का गरम पाणी होतं? अन् माझ्या बहिणीले भाजीवरून बोललीस, ते काहून बोललीस? ती बिचारी पवनीवरून पिशवी घेऊन आली!"

मौदा आलं तरी हे पडद्यांवरच होते. तीन महिन्यांचं सगळं क्रमवार पाठ होतं. मधेच आवाज चिरकायचा, रुमालानं तोंड पुसायचे आणि पुन्हा सुरू. मी एका शब्दानं उत्तर दिलं नाही. फक्त हायवेचा आवाज फार येत होता म्हणून खिडकीची काच वर केली.

शहापूर मागे पडलं. ड्रायव्हरनं आरशातून घाबरत आमच्याकडे पाहिलं.

"मावशी, भंडारा आलं. घराकडे घेऊ?"

मी म्हटलं, "नाही बाबू, घराकडे नको. ह्यांचं बोलणं अजून संपलं नाही. अड्याळवरून पवनीले घे."