खलास म्हणजे झालं

दुबईच्या जबल अली बंदरातल्या आमच्या ऑफिसात माझं काम एकच. आफ्रिकेतले व्यापारी ज्या बँकांची हमी देऊन माल मागवतात, त्या बँका धड आहेत का ते बघायचं. मी आधी लोकांच्या ठेवी आणि वाटलेली कर्जं शेजारीशेजारी मांडतो. त्या वर्षी एका बँकेची कर्जं दर तिमाहीला फुगत होती आणि ठेवी जागच्या हलत नव्हत्या. उन्हाळ्याच्या तोंडावर कर्जं ठेवींच्या पुढे गेली. म्हणजे लोक पैसे मागायला आले, तर द्यायला बँकेकडे काही उरणार नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा माझा मित्र त्या बँकेच्याच देशातला, आणि त्याची बारा वर्षांची बचत त्याच बँकेत होती. गावी जाऊन पिठाची गिरणी टाकायची, यासाठी तो एकेक दिरहम वाचवत होता.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "हे बाहेर गेलं तर लोक पैसे काढायला धावतील. एक शब्द लीक झाला, तर यल्ला, चालू पड, तुझा व्हिसा कॅन्सल!" मुलगी बारावीला होती आणि मी मुळातच भित्रा. मी मान डोलावली.

तरी राहवेना. कंपनीच्या बसमध्ये मी सहज विचारल्यासारखं केलं, "तुझ्या त्या सेव्हिंग्जचं काय केलंस?"

"खलास, हबीबी!" तो हसून म्हणाला.

मला हायसं वाटलं. खलास, म्हणजे संपले! पैसे काढून गिरणीचं यंत्र घेतलं असणार. इकडे 'खलास' म्हणजे 'काम झालं', हे मला काय ठाऊक नव्हतं? दिवसातून दहा वेळा मीच म्हणतो. पण त्या दिवशी सोयीचं होतं, म्हणून तो शब्द मी मराठीत ऐकला. कुठलं काम झालं, हे मी विचारलंच नाही.

पुढे आकडे आणखी बिघडत गेले. मी रोज बघत होतो आणि गप्प होतो.

मग एका सकाळी बातमी आली, बँकेने पैसे देणं थांबवलं. तो मोबाइल हातात धरून माझ्यासमोर उभा राहिला.

"तू तर काढले होतेस ना?" मी विचारलं.

"काढले? सगळे तिथेच दोन वर्षांच्या फिक्स्डला टाकले. सांगितलं होतं की बसमध्ये."

तो खुर्चीत बसला.

"तू रोज हीच बँक बघतोस, म्हणून मी निर्धास्त होतो," तो म्हणाला. "तुझ्याही लक्षात आलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.