टाक्यात राहिलेली फुंकर

काकाजी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या एका हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न होतं आणि दुसऱ्या हातात शिशाची तार. फोन मी कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला होता. पलीकडून काकू एवढंच म्हणाल्या, "गेले रे बावा…" मी "हो" म्हटलं आणि समोरचा टाका पुरा केला. कोणाला हे निर्दयपणाचं वाटेल, तर वाटू द्या. वितळलेलं शिसं कोणाच्या मरणासाठी थांबत नाही, आणि अर्धवट सोडलेला टाका पाहून सगळ्यात आधी काकाजीच चिडले असते. टाका लागला, मी आयर्न बाजूला ठेवलं, आणि तो निवायची वाट पाहत असताना उजव्या कानाजवळ 'फू' असा आवाज आला… हळूच, बशीतला चहा निववताना माणूस फुंकतो तेवढाच. दुकानात मी एकटा होतो. पंखा बंद होता. मागे वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही. आता महिना उलटून गेला, पण अजूनही टाका निवत असताना माझा उजवा कान त्या फुंकरीची वाट पाहतो.

देवीदासकाकाजी जन्मभर सोनार होते. आर्णीच्या बाजारात त्यांचं एक फळीचं दुकान होतं, आणि तांड्यावरच्या बाया चांदीचे जुने दागिने जोडून घ्यायला आवर्जून त्यांच्याकडेच यायच्या. माझ्या बायकोचं, संगीताचं मंगळसूत्रही त्यांच्याच हातचं. मग तयार दागिन्यांच्या काचेच्या दुकानांनी रस्ता भरून गेला, आणि काकाजींच्या फळीवर दिवसदिवस कोणी टेकेना. माझं दुकान त्याच रस्त्यावर थोडं पुढे. मी झटका मशीन दुरुस्त करतो. आमच्या भागात रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, यांच्यापासून तूर-हरभरा वाचवायचा तर शेताभोवती तार ओढायची आणि तिला हे मशीन लावायचं. ते बॅटरीवर चालतं, थांबून थांबून तारेत हलका झटका सोडतं आणि दर झटक्याला पेटीतून 'टक्' असा आवाज येतो. हंगामात सायंकाळी दिग्रस रोडनं निघालात तर दोन्ही बाजूंची शेतं अशी टकटकत असतात.

तीनेक वर्षांपूर्वी एके दिवशी काकाजी चष्मा पुसत दुकानात आले आणि म्हणाले, "हे तुहं काम मले शिकवतं काय?" मला वाटलं, गंमत करतात. मी म्हटलं, "काकाजी, तुम्ही केसासारखी तार ओढणारे, तुम्हाला मी काय शिकवू?" ते शांतपणे म्हणाले, "सोन्याचं मले येते. हे नाही येत. ज्याले येते तो गुरुजी." झालं! त्या दिवसापासून माझ्याहून वीसएक वर्षांनी मोठा माणूस भर बाजारात मला "ओ गुरुजी" म्हणून हाका मारू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ते पाहून त्यांना आणखी चेव यायचा.

हात तर त्यांचा असा होता की चिमटा धरला की धरला, कापायचा म्हणून नाही. डोळ्याला भिंग लावून ते बोर्डावरचा बारीकसा पार्ट असा बसवायचे की जणू नथीत मोती बसवतायत. पण एक खोड मोठी वाईट निघाली. टाका मारून झाला की ते खाली वाकायचे आणि त्यावर हळूच फुंकर मारायचे. यात त्यांचा काय दोष? सोनाराचं अर्धं काम फुंकण्याचंच. दिव्याची ज्योत फुंकणीनं दागिन्यावर वळवायची, गाल फुगवून फुंकत राहायचं आणि त्याच वेळी नाकानं श्वास ओढत राहायचा, म्हणजे धार तुटत नाही. सोनाराच्या घरी फुंकरीनं आग वाढते. माझ्या टेबलावर उलटं आहे. इथे आग आयर्नची, आणि टाका ज्याचा त्याला निवू द्यायचा असतो. गरम शिशावर फुंकर बसली की वरून ते दुधावरच्या सायीसारखं सुरकुततं, चमक जाते, आणि आत धरायला पाहिजे तसं धरत नाही. आम्ही त्याला ड्राय सोल्डर म्हणतो. आज मशीन बरोबर चालेल, उद्याही चालेल, पण एखाददुसरा उन्हाळा-पावसाळा खाल्ला की टाक्याला डोळ्याला न दिसणारी चीर जाते आणि मशीन मुकं होतं.

मी रोज सांगायचो, काकाजी, फुंकायचं नाही. ते कान पकडायचे आणि पुढच्याच टाक्याला 'फू'. एकदा वैतागून म्हणाले, "फुक मारल्याबिगर काम पुरं झालं असं वाटतच नाही ना बावा. निस्तं सोडून देल्ल्यासारखं वाटते." शेवटी मी एक उपाय काढला. टाका मारायच्या आधी तोंडात पाण्याचा घोट धरायचा, गिळायचा नाही. तोंडात पाणी असल्यावर फुंकणार कसे? आता काकाजी गाल फुगवून, भुवया वर चढवून कामाला बसायचे आणि गिऱ्हाइकांशी हातवाऱ्यांनी बोलायचे. एकदा मशीन घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्यानं त्यांना विचारलं, "काय काकाजी, मौन धरलं का काय? काकूनं सांगतलं वाटते!" काकाजींना हसू आवरेना, आणि तोंडातलं सगळं पाणी बोर्डावर, माझ्यावर आणि त्या शेतकऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर. असं करत करत खोड सुटली. पुढे पाण्याची गरज राहिली नाही. टाका लागेपर्यंत आणि लागून निवेपर्यंत ते नुसता दम धरून बसायचे. त्यानंतर त्यांच्या हातून जो टाका पडला तो माझ्या टाक्यापेक्षा देखणा होता, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

पण तोवर पेरणीच्या घाईत त्यांच्या हातची बरीच मशीनं गावोगाव गेली होती. दुकानातून निघताना सगळी टकटकत होती, कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. त्यातलं पहिलं मशीन बंद पडून परत आलं ते पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर. मी झाकण उघडलं आणि काकाजींनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. सुरकुतलेला, मळकट टाका. त्यांनी तो ओळखला. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही. सायंकाळी दुकान बंद करताना म्हणाले, "म्या जोडलेला दागिना आजवर कोनाच्या गळ्यातून उसवून पडला नाही…"

मग त्यांना खोकला लागला. आयुष्यभर तेजाबाच्या वाफा आणि कोळशाचा धूर घेतलेली छाती, ती किती दिवस साथ देणार? दसऱ्यानंतर त्यांना यवतमाळला दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा नाकात नळी होती आणि हातात तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळणं होतं. नळीतून श्वास ओढायचा, म्हणजे आतल्या गोळ्या वर चढतात, असा तो छातीचा व्यायाम. काकाजी नळी तोंडात धरून जीव खाऊन फुंकत होते आणि गोळ्या जागच्या हलत नव्हत्या. नर्स म्हणाली, "आजोबा, किती वेळा सांगू, फुंकायचं नाही. ओढायचं." काकाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागले. "पाह्य," ते म्हणाले, "हे बी तुह्यासारखीच बोलून राह्यली." ते हसणं खोकल्यात गेलं आणि खोकला बराच वेळ थांबला नाही. थांबला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "गुरुजी, एक काम कर. माह्या फुकेचे जेवढे मशीन गेले, तेवढे वापस बोलाव. टाके वितयव अन् नव्यानं मार. एकबी राहू देऊ नोको. कोनाचं पीक माह्या फुकेनं जाऊ नये." मी हो म्हटलं. दिवाळी झाली आणि ते गेले.

मी शेतकऱ्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला, बाजारच्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. मशीनं येऊ लागली. कोणी आर्णीजवळच्या खेड्यातून गाडीच्या टाकीवर ठेवून आणलं, कोणी दिग्रसहून बसमध्ये मांडीवर घेऊन. मी एकेक झाकण उघडतो. कोणतं मशीन कोणाच्या हातचं याचा हिशेब लागत नाही तिथे टाके बोलतात. माझे टाके वेगळे, कंपनीचे वेगळे, आणि त्यांच्यात एखादा असा सुरकुतलेला दिसतो की आयर्न घेतलेला हात वरच थांबतो. कारण ती सुरकुती म्हणजे काय? काकाजी वाकले, ओठ पुढे केले, आणि त्यांच्या तोंडातून जी हवा निघाली ती तिथे शिशावर उमटून राहिली. माणूस जळून राख झाला आणि त्याचा श्वास इथे, झटक्याच्या पेटीत, जसाच्या तसा. मी त्यावर आयर्न टेकवतो. क्षणभर काही होत नाही, मग सुरकुती सैल पडते, थेंब चमकतो, आणि फुंकर गेलेली असते. मी शब्दाला जागत होतो आणि दर मशीनमागे त्या माणसाला थोडा थोडा पुसत होतो. असं काम देवानं वैऱ्यालाही देऊ नये.

म्हणून मी एक मशीन ठेवून दिलं. माझंच. घरामागे आमची दीड एकर तूर आहे, तिला त्याच घाईच्या दिवसांत काकाजींच्या हातचं मशीन बसवलेलं. मी ठरवलं, सगळ्या जगाचे टाके वितळवीन, पण हा नाही. एवढी एक फुंकर माझ्याकडे राहू दे, मशीन बंद पडलं आणि डुकरं शिरली तर नुकसान माझं. मग सायंकाळी मागच्या दारात बसून मी ऐकत राहायचो. टक्… मग शांतता… आणि त्या शांततेत वाटायचं, आता पुढचा येत नाही. पुन्हा टक्. आणि मला कळायचं नाही की मी तुरीसाठी घाबरलो होतो की आणखी कशासाठी. संगीता एकदा म्हणाली, "साऱ्या गावाचे मशीन नीट करता, मंग आपलंच काहून उघडून पायत नाही?" मी उठून बॅटरीच्या वायरी तपासू लागलो. ती माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहत राहिली.

मागच्या आठवड्यात नेरच्या बाजूचा एक शेतकरी मशीन घेऊन आला. निरोप त्याला उशिरा पोचला होता. मशीन आधीच मुकं झालं होतं आणि डुकरांनी एका रात्रीत अर्धा हरभरा उकरून टाकला होता. मी झाकण उघडलं. काकाजींचाच टाका. मला वाटलं आता हा तोंड सोडेल, सोडायलाच पाहिजे होतं. तो खुर्चीवर बसून राहिला आणि म्हणाला, "काकाजीच्या हातचं व्हतं ना… जाऊ द्या. मेल्या मानसाले काय म्हना लागते?" त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काकाजींना याच दिवसाची भीती होती, आणि मी मात्र त्यांची खोट देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकासारखी घरात जपून बसलो होतो. मी त्याचं मशीन नीट करून दिलं, दुकान लवकर बंद केलं आणि घरी आलो.

ऊन अजून होतं. संगीता कुंपणाजवळ तुरीच्या शेंगा तोडत होती. मी मशीन बंद केलं, आयर्न तापत ठेवलं आणि पेटीचे स्क्रू काढले. झाकण उघडलं, वाकून पाहिलं… सुरकुती नव्हती. टाका पाण्याच्या थेंबासारखा गोल, स्वच्छ, चकचकीत. मी पेटी उजेडात फिरवून फिरवून पाहिली. मला इतका संताप आला की मी ओरडलोच, "याला हात कोणी लावला?"

संगीता ओच्यातल्या शेंगा सावरत आली. "काकाजीनं," ती म्हणाली. "पोयाच्या सणाच्या टायमाले तुमी नागपूरले सामान आनाले गेलते ना, तवा आलते. आटोतून उतरले तं दम इतका लागला होता का म्या पयले बसवलं, पानी देल्लं. मंग म्हने, पेटी काढ."

"मग मला सांगितलं काहून नाही?"

"त्याईनंच शपथ घातली. म्हने, गुरुजीच्या घरात आपली खोट ठेवून मरनं बरं नाही." तिनं ओच्यातल्या शेंगा खाली ओतल्या. "टाका मारताना एकदमच थांबले वो. हालले नाही, का डोयाची पापनी नाही. मी भेली. वाटलं, अटकला दम. काकाजी, काकाजी म्हनून हाका मारल्या, तं हातानंच थांब म्हनलं. मंग आयर्न बाजूले ठेवलं, अन् इथंच भिंतीले धरून किती येळ खोकत होते…"

त्या दिवसांत काकाजींना अंगणातून ओसरीवर चढायला दम पुरत नव्हता. जो काही थोडा उरला होता तो त्यांनी इथे, माझ्या घरामागच्या या भिंतीपाशी उभं राहून धरून ठेवला, शिसं निवेपर्यंत. मी ज्याची राखण करत बसलो होतो ते तिथे नव्हतंच. जे होतं ते मला माहीत नव्हतं. मला रडू आलं, आणि बायकोसमोर रडायची मला लाज वाटली नाही.

आयर्नची वायर काढली. टाक्याला बोट लावलं नाही. झाकण बसवलं, स्क्रू पिळले, बटण दाबलं आणि भिंतीला हात टेकून उभा राहिलो. पहिला टक् यायला लागतो तेवढाच वेळ लागला असेल, पण मला तो संपेना. आवाज आला. मग दुसरा आला. तुरीत वारा शिरला होता. मी तसाच उभा होतो. संगीतानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अवो… दम सोडा आता."