क्लोरीनच्या पासवर्डची किल्ली

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातले संगणक ती सांभाळायची. सगळे तिला मॅडम म्हणत. पंपघरात ऑपरेटर असलेला तिचा धाकटा दीर मात्र तिथेही वहिनीच म्हणे.

क्लोरीन सोडणाऱ्या यंत्राचा पासवर्ड सेटिंगच्या फाइलमध्ये सरळ अक्षरांत लिहिलेला होता आणि ती फाइल प्रत्येकाकडे होती. एका सकाळी दिराने सरावाची यंत्रणा समजून खऱ्या यंत्राचेच आकडे बदलले. क्लोरीन तिप्पट झालं. प्रयोगशाळेतल्या ताईंनी नमुना तपासून धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद करायला लावला, म्हणून ते पाणी घरांपर्यंत पोचलं नाही. दीर दोन दिवस धड जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी ती कामाला लागली. तिने पासवर्ड कूटबद्ध केला. फाइलमध्ये आता नुसती अर्थ न लागणारी अक्षरं दिसत. ती उलगडणारी किल्ली तिने वेगळ्या सर्व्हरवर ठेवली. किल्ली वापरायची परवानगी यंत्राच्या प्रोग्रामला. माणसांत फक्त तिला आणि ताईंना, तीही प्रत्येक वापराची नोंद होईल अशी.

दीर तडक तिच्या टेबलाशी आला. "माझ्यामुळेच ना हे?"

"तुझ्यामुळे नाही. पासवर्ड उघडा पडला होता म्हणून."

"मग मला दे की किल्ली. घरचाच माणूस आहे मी."

"घरी दीर आहेस, इथे ऑपरेटर. डोस बदलायचा असेल तर अर्ज कर, ताई बघतील."

तो पाय आपटत गेला. मग साहेबांनी बोलावलं. "मी इथला प्रमुख, आणि मलाच परवानगी नाही?"

"साहेब, तुम्हाला आकडे बघायचे असतात. ते केव्हाही बघा. पासवर्ड कशाला हवाय?"

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी मान फिरवून फोन उचलला. महिनाभर तिच्याशी कुणी धड बोललं नाही. ती बधली नाही.

पुढे एका कारकुनाने चुकून तीच फाइल बाहेरच्या चाळीस कंपन्यांना मेल केली. कार्यालयात एकच गोंधळ उडाला. साहेब घाम पुसत तिच्याकडे आले.

"पासवर्ड गेला का हो?"

"नाही साहेब. त्यांना वाचता येईल असं त्यात काही नाही."

तरी तिने ताईंना शेजारी बसवून पासवर्ड आणि किल्ली, दोन्ही बदलून टाकली. मगच जेवणाचा डबा उघडला.

संध्याकाळी दीर आपल्या दादाला सगळं मीठमसाला लावून सांगत होता, "साहेबांची बोलती बंद! आमची वहिनी म्हणजे काय!"

"पुरे रे," ती म्हणाली, आणि हसू आवरत उठली.